राखणारे पाच, फेकणारा एक



गावात एखाद्याचा मका चांगला साधला, की पारावर चर्चा होते ती बियाण्याची. वाण कोणते, कोठून आणले, पिशवी केवढ्याला पडली, हे सारे विचारले जाते. कणसे भरत असताना महिनाभर माळ्यावर जागून रानडुकरे कोणी हाकलली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि पीक हातचे गेले, तर पहिला दोष बियाण्याच्याच माथी. शेती विस्ताराच्या कामात उभी हयात घालवलेल्या आम्हा मंडळींना हा अनुभव नवा नाही.

आज तुम्हाला एका दूरच्या खेळाची ओळख करून देणार आहे. खेळ अमेरिकेतला आहे. त्यात एक फेकणारा असतो आणि पाच राखणारे असतात. टाळ्या, हार, पैसा आणि शिव्याही फेकणाऱ्याच्या वाट्याला येतात. पण त्याची फेक नीट पडणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा त्याच्यासमोर उभे असलेले पाच जण ठरवतात. खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांतली मुले-मुली आता अमेरिकेत नोकरीला आहेत. तेथल्या या खेळाचा अंतिम सामना, ज्याला ‘सुपर बोल’ म्हणतात, तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी होतो. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट झालेली असते. पाचच्या सुमारास, म्हणजे धारा काढायच्या वेळेला, सामना सुरू होतो. त्या दिवशी मुलाचा फोन उशिरा आला, तर कारण हे असू शकते.

खेळ आहे तरी कसा?

नाव फुटबॉल असले, तरी आपल्या शाळेत पायाने खेळतात तो हा खेळ नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, साधारण सोललेल्या नारळाच्या आकाराचा असतो. तो हातात धरून पळायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. प्रत्येक बाजूचे अकरा गडी. मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्या धरून १२० वार लांब आणि ५३ वारांहून थोडे अधिक रुंद. आपल्या हिशेबाने सांगायचे तर सुमारे ५३ गुंठे, म्हणजे सव्वा एकराहून थोडे जास्त रान.

ज्यांच्या हाती चेंडू आहे, त्यांना चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचे असते. दहा वार म्हणजे किती, ते घरातल्या आजीला विचारा. नऊवारी लुगड्यापेक्षा एक वार जास्त. तेवढे पुढे गेले, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे करीत करीत समोरच्या टोकाच्या पट्टीत चेंडू नेला, की सहा गुण. चार प्रयत्नांत दहा वार सरले नाहीत, तर चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो.

या सगळ्याचा म्होरक्या म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. तो काही पावले मागे सरतो, पुढे धावत गेलेल्या आपल्या गड्यांवर नजर टाकतो आणि जो मोकळा दिसेल त्याच्याकडे चेंडू फेकतो. समोरच्या संघाचे काम अर्थातच त्याला फेकू न देणे. चार-पाच दांडगे गडी त्याच्या अंगावर धावून येतात. फेकण्याआधीच त्याला धरून खाली पाडले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. आपल्या कबड्डीतली पकडच समजा. कबड्डीत पकड झालेला गडी बाहेर जातो. येथे तो बाहेर जात नाही, पण एक प्रयत्न फुकट जातो आणि तो जेथे पडला, तेथून पुढचा डाव मांडावा लागतो. म्हणजे सात-आठ वार पिछेहाट. क्वचित चेंडूही हातातून निसटतो आणि समोरच्याला आयता मिळतो.

पाच जणांची भिंत

क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी त्याच्या पुढे पाच जणांची फळी असते. मधला ‘सेंटर’, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘गार्ड’ आणि दोन टोकांना ‘टॅकल’. ही माणसे साधीसुधी नव्हेत. एकेकाचे वजन १३५ ते १४५ किलो, कोणाकोणाचे त्याहूनही जास्त. ज्वारीचे क्विंटलभराचे पोते आणि त्यावर आणखी अर्धे पोते ठेवले, तर जवळपास तेवढा भार होईल. एवढा भार घेऊन त्यांना मागे मागे सरकायचे असते आणि समोरून मुसंडी मारून येणाऱ्याला हातांनी रोखून धरायचे असते. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, पंजे समोरच्याच्या छातीवर. पाय उचलून टाकायचे नाहीत, जमिनीलगत सरकवायचे. आपल्या तालमीत वस्ताद पोरांना ‘पाय सोडू नको’ म्हणून ओरडतात, ती गोष्ट येथेही तितकीच खरी.

कुस्तीचा हा संबंध नुसता उपमेपुरता नाही. स्टीफन नील नावाचा अमेरिकन मल्ल १९९९ साली मुक्त कुस्तीच्या अवजड वजनगटात जगज्जेता झाला. महाविद्यालयात असताना तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या नामांकित संघाने त्याला घेतले आणि गार्डच्या जागेवर त्याने अनेक वर्षे काढली. अंगाचा तोल, पायाची बैठक आणि समोरच्याचा जोर आपल्या अंगावर घेण्याची सवय त्याने आखाड्यातूनच आणली होती.

हे पाच जण मागे सरकत सरकत घोड्याच्या नालासारखे कडे तयार करतात. त्या कड्याच्या पोटात क्वार्टरबॅक उभा असतो. हे कडे टिकते किती वेळ? अडीच ते तीन सेकंद. घड्याळ लावून बसलात, तर ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत सारे संपते. तेवढ्यात क्वार्टरबॅकला पहिला गडी पाहायचा, तो अडला असेल तर दुसरा, नाही तर तिसरा, असे ठरवून चेंडू सोडायचा असतो. भिंत एका सेकंदाने आधी ढासळली, तर तिसऱ्या गड्यापर्यंत त्याची नजर पोहोचतच नाही. तो गडी कदाचित रिकाम्या रानात एकटा उभा असेल, पण त्याचा उपयोग शून्य.

समोरच्याला धरून ठेवायला मात्र बंदी आहे. कपडा धरला, बाहेरून हात घालून ओढले, तर दहा वारांचा दंड बसतो. एके काळी नियम याहूनही कडक होता. १९७८ साली तेथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगने राखणाऱ्यांना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा दिली. त्याच वर्षी चेंडू झेलायला धावणाऱ्यांना पाच वारांपलीकडे अडवायला बंदी झाली. एकीकडे फेकणाऱ्याला जास्त वेळ मिळू लागला, दुसरीकडे झेलणाऱ्यांची वाट मोकळी झाली. तेव्हापासून हा खेळ पळण्यापेक्षा फेकण्याचा होत गेला.

राखणाऱ्यांच्या बाजूची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चेंडू नेमका कोणत्या इशाऱ्यावर सुटणार, हे त्यांना आधी ठाऊक असते. समोरच्यांना नसते. त्यामुळे पहिले पाऊल राखणाऱ्यांचे पडते. पण सामना परक्या गावात असला आणि हजारो लोक आरडाओरडा करू लागले, की इशारा ऐकूच येत नाही. पहिल्या पावलाचा फायदा गेला, की भिंत कच्ची पडते. प्रेक्षकांचा आवाज गुणफलकावर कसा उतरतो, त्याचे हे एक कारण.

१८ नोव्हेंबर १९८५ ची रात्र

उजव्या हाताने फेकणारा माणूस फेकण्यासाठी अंग वळवतो, तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येते, ते त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टोकाचा राखणदार, ‘लेफ्ट टॅकल’, हा फार मोलाचा. फेकणारा डावखुरा असेल, तर हेच महत्त्व उजव्या टोकाला येते.

१९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघाची पुढची फळी एवढी गाजली होती, की तिला लाडाने ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, असे नाव पडले होते. प्रेक्षक डुकराच्या नाकाचे मुखवटे लावून मैदानावर येत. या फळीच्या जोरावर जो थाइसमन या क्वार्टरबॅकने जानेवारी १९८३ मध्ये सुपर बोल जिंकला होता.

पुढे १८ नोव्हेंबर १९८५ रोजी रात्री न्यूयॉर्क जायंट्सशी त्यांचा सामना झाला. नेहमीचा लेफ्ट टॅकल जो जॅकोबी दुखापतीमुळे त्या दिवशी बाहेर होता. थाइसमनने चेंडू एका गड्याला देऊन परत घेतला. ही एक हुलकावणी होती. पण हुलकावणीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मिळाला नाही. जायंट्सचा लॉरेन्स टेलर, त्या काळचा सर्वांत भयंकर चढाईबहाद्दर, पाठीमागच्या बाजूने त्याच्यावर येऊन आदळला. थाइसमनच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. टेलर स्वतः ताडकन उठला आणि मदतीसाठी हात हलवू लागला. दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने ते पाहिले. थाइसमन तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही.

विलक्षण योगायोग असा, की बरोबर ३३ वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०१८ ला, त्याच वॉशिंग्टनच्या अॅलेक्स स्मिथ या क्वार्टरबॅकचा पाय सॅक होताना तसाच मोडला. जखमेत जंतू शिरले, पाय आणि जीव दोन्ही धोक्यात आले, १७ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तो पुन्हा मैदानावर उतरला, ही त्याची जिद्द. पण तीन सेकंदांच्या राखणीत काय पणाला लागलेले असते, ते या दोन तारखा सांगतात.

वाण अव्वल, कुंपण नाही

पाय मोडला, तर निदान सगळ्यांना दिसतो. दुसरे नुकसान दिसत नाही.

२००२ साली टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात ‘टेक्सन्स’ हा नवा संघ उभा राहिला. त्या वर्षी महाविद्यालयांतून निवडलेल्या साऱ्या खेळाडूंत पहिली निवड त्यांनी केली, ती डेव्हिड कार या तरुण क्वार्टरबॅकची. सगळ्या देशातले अव्वल नंबरचे वाण म्हणा ना! त्याच्या राखणीसाठी टोनी बोसेली हा नावाजलेला लेफ्ट टॅकलही घेतला होता. पण बोसेलीचे खांदे इतके दुखावलेले होते, की तो ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळू शकला नाही.

पुढे काय झाले? १६ सामन्यांत डेव्हिड कारला ७६ वेळा पाडले गेले. एका हंगामातला तो विक्रम. हिशेब केला, तर सामन्याला जवळजवळ पाच वेळा. २००५ साली पुन्हा ६८ वेळा. पाच हंगामांनंतर संघाने त्याला निरोप दिला. पुढे तो इतर संघांत राखीव खेळाडू म्हणून राहिला, पण पहिल्या निवडीला साजेसा खेळ त्याच्या हातून झाला नाही.

तो मुळात किती चांगला होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. राखणीविना गेलेल्या पिकाचा खरा उतारा किती पडला असता, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. एवढे मात्र जाणकार सांगतात, की वारंवार मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकची नजर बदलते. त्याने पाहायचे असते दूर, झेलणाऱ्या गड्यांकडे. तो पाहू लागतो जवळ, अंगावर येणाऱ्यांकडे. मग राखण ठीक असली, तरी तो घाईने फेकतो, मागच्या पायावर झुकून फेकतो, चुकीच्या हातात फेकतो. २०१९ साली न्यूयॉर्क जेट्सचा सॅम डार्नोल्ड भर सामन्यात बाकावर बसून म्हणाला, की मला भुते दिसताहेत. त्याच्या अंगावरचा ध्वनिग्राहक चालू होता, म्हणून ते साऱ्या जगाला ऐकू गेले. लोक हसले. तो सामना जेट्सने ०-३३ असा गमावला आणि डार्नोल्डच्या चार फेकी समोरच्यांनी झेलल्या. हाच डार्नोल्ड २०२४ साली मिनेसोटाच्या संघातून खेळला, तेव्हा त्या संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले.

एकच वाण, तीन प्लॉट

आम्ही शेतीखात्यातली माणसे एका गोष्टीवर फार भर देतो. वाणाची पारख करायची, तर ते वेगवेगळ्या जमिनीत लावून पाहा. या खेळातही तशी एक चाचणी आपोआप घडून आली आहे.

कॅन्सस सिटी हे अमेरिकेच्या गव्हाच्या पट्ट्यातले शहर. तेथल्या ‘चीफ्स’ संघाचा पॅट्रिक महोम्स हा या काळातला सर्वांत नावाजलेला क्वार्टरबॅक. त्याचे तीन अंतिम सामने पाहू.

पहिला, फेब्रुवारी २०२१. चीफ्सच्या फळीची दोन्ही टोके पडलेली. डावीकडच्या एरिक फिशरच्या टाचेची शीर उपांत्य सामन्यात तुटली होती, उजवीकडचा मिचेल श्वार्त्झ पाठदुखीने आधीच बाहेर होता. बदली माणसे उभी करून काम भागवले. महोम्सवर त्या रात्री २९ वेळा समोरचे गडी धावून आले. सुपर बोलच्या इतिहासात एवढा दबाव आधी कोणावर आलेला नव्हता. तो मैदानभर पळत राहिला. चीफ्सला सहा गुणांची पट्टी एकदाही गाठता आली नाही. टँपा बेने सामना ३१-९ असा जिंकला.

दुसरा, फेब्रुवारी २०२३. दरम्यान चीफ्सने फळी मुळापासून बांधली होती. पाचांपैकी चार जागी नवी माणसे आणली. समोर फिलाडेल्फिया ईगल्स, ज्यांनी त्या हंगामात समोरच्या क्वार्टरबॅकना ७० वेळा पाडले होते. महोम्सचा घोटा दुखावलेला, लंगडत होता. पण त्या रात्री त्याला एकदाही पाडता आले नाही. शून्य. त्याच्या तीन फेकींवर सहा-सहा गुण मिळाले आणि चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

तिसरा, फेब्रुवारी २०२५. समोर पुन्हा ईगल्स. चीफ्सला लेफ्ट टॅकलची जागा हंगामभर नीट भरता आली नव्हती. शेवटी गार्डच्या जागेवरचा जो थुनी हा अनुभवी गडी तेथे सरकवला. म्हणजे एक खिंड बुजवायला दुसरी उघडी केली. महोम्सला सहा वेळा पाडले गेले, दोन फेकी समोरच्यांनी झेलल्या आणि मध्यंतराला चीफ्स ०-२४ असे मागे होते. शेवटी ४०-२२ ने हरले.

या तिसऱ्या सामन्यातली खरी मेख वेगळीच आहे. ईगल्सने नेहमीच्या चार गड्यांखेरीज जास्तीचा एकही गडी चढाईला पाठवला नाही. चौघांनीच पाचांची भिंत फोडली. मग उरलेले सात जण काय करीत होते? ते झेलणाऱ्यांना घेरून उभे होते. म्हणजे फेकणाऱ्याला वेळ नाही आणि वेळ मिळाला तरी मोकळा गडी नाही. राखण मोडली की नुकसान असे दोन्हीकडून होते. पाच जण चौघांना रोखू शकले असते, तर ईगल्सना मागचे एक-दोन गडी पुढे आणावे लागले असते आणि मागे कोठे तरी रान मोकळे पडले असते.

चीफ्सने त्याच वर्षी महाविद्यालयीन निवडीच्या पहिल्याच फेरीत लेफ्ट टॅकल घेतला, यावरून त्यांनी काय ओळखले ते कळते.

सगळा दोष राखणाऱ्यांचा का?

नाही. तीन प्लॉटवरून कायदा करता येत नाही, हे आम्हीच शेतकऱ्यांना सांगतो. २०२१ मध्ये महोम्सच्या पायाचा अंगठाही दुखावलेला होता. समोरचे संघ बलवान होते. आणि मुख्य म्हणजे पाडले जाण्यात फेकणाऱ्याचाही वाटा असतो. जो चेंडू हातात धरून घुटमळतो, त्याला कितीही चांगली भिंत फार वेळ वाचवू शकत नाही. उलट मायामीचा डॅन मरिनो चेंडू इतक्या चपळाईने सोडायचा, की १९८४ साली त्याने ४८ फेकींवर सहा गुणांची कमाई केली आणि पूर्ण हंगामात तो फक्त १३ वेळा पाडला गेला. १९८८ साली तर अवघा ६ वेळा. राखणाऱ्यांचे काम त्याने हलके केले आणि राखणाऱ्यांनी त्याचे.

अपवादही आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सिनसिनाटीच्या जो बरोला टेनेसीच्या संघाने नऊ वेळा पाडले, तरी सिनसिनाटी १९-१६ ने जिंकले. पण अपवादावर संसार चालत नाही. तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात तो सात वेळा पाडला गेला आणि सिनसिनाटी तीन गुणांनी हरले.

मोठमोठ्यांनाही हा नियम सुटलेला नाही. टॉम ब्रेडीच्या पेट्रियट्सने २००७ च्या हंगामात १६ पैकी १६ सामने जिंकले, सामन्याला सरासरी ३६ हून अधिक गुण मिळवले. त्या १६ सामन्यांत मिळून ब्रेडी २१ वेळा पाडला गेला होता. फेब्रुवारी २००८ च्या अंतिम सामन्यात आपला मघाचा मल्ल स्टीफन नील पूर्वार्धातच गुडघा दुखावून बाहेर गेला. जायंट्सने त्या एका सामन्यात ब्रेडीला पाच वेळा पाडले. पेट्रियट्सला १४ गुणांवर थांबावे लागले आणि हंगामातली एकमेव हार त्यांच्या वाट्याला आली. तोच ब्रेडी, तेच झेलणारे. बदल झाला तो त्याला मिळणाऱ्या वेळात.

तळे राखणाऱ्यांच्या वाट्याला

‘तळे राखील तो पाणी चाखील’ असे आपण म्हणतो. या खेळात ते उलटे आहे. पुढच्या फळीतल्या या पाच जणांना नियमानेच फेकलेला चेंडू झेलायला मनाई असते. अधिकृत आकडेवारीत त्यांच्या नावापुढे जवळजवळ काही नसते. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानाचा पुरस्कार बहुतेक वेळा क्वार्टरबॅकला जातो. १९८२ साली तो नुसता पायाने चेंडू मारणाऱ्यालाही मिळाला. या फळीतल्या माणसाला कधीच नाही. ध्वनिक्षेपकावरून यांचा क्रमांक पुकारला जातो तो एकाच वेळी, दंड झाला तर.

पैसा मात्र आता मिळतो. चांगल्या लेफ्ट टॅकलचा पगार संघातल्या मोठ्या पगारांत मोडतो. पण शरीराची किंमत मोजावी लागते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर हा सेंटर १९७४ पासून १९९० पर्यंत खेळला. त्याच्या संघाने चार सुपर बोल जिंकले. प्रत्येक डावात डोके खाली घालून समोरच्यावर आदळणे, हे त्याचे काम. खेळ सुटल्यावर त्याची स्मृती गेली, घर मोडले, पुष्कळदा गाडीत झोपून दिवस काढले. २००२ साली, अवघ्या पन्नाशीत, तो वारला. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो, ते २००५ साली जगापुढे मांडले. या खेळाच्या व्यावसायिक खेळाडूत तो आजार प्रथम सापडला, तो फेकणाऱ्यात नव्हे, राखणाऱ्यात. त्यानंतर डोक्याच्या दुखापतीबाबत नियम कडक झाले. वेबस्टरला त्याचा उपयोग झाला नाही.

पाहायचे कसे?

वाचकहो, मुलगा सुट्टीवर आला आणि त्याने मोबाइलवर हा सामना लावला, तर एक प्रयोग करून पाहा. चेंडू कोठे जातो तिकडे पाहू नका, सगळे तिकडेच पाहतात. पहिले तीन सेकंद त्या पाच जणांकडे पाहा. त्यांच्या पायांकडे पाहा. पाय जमिनीलगत सरकत असतील, पाठ ताठ असेल, कडे गोल असेल, तर समजा की फेक बहुधा नीट पडणार. एखादा गुडघ्यात ताठ झाला, कमरेत वाकून पुढे झुकला, की तेथून कडे फुटणार. चेंडू हवेत जाण्याआधीच तुम्ही निकाल सांगू शकाल.

आणि फेक चुकली की ‘याला काही येत नाही’ असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारा, की याला सेकंद किती मिळाले होते? हा प्रश्न गावच्या कबड्डीत चढाई फसलेल्या पोराबद्दल विचारता येतो, परीक्षेत मागे पडलेल्या मुलीबद्दल विचारता येतो. तिला अभ्यासाला वेळ किती मिळाला, घरातले पाणी कोणी भरले, धाकट्याला कोणी सांभाळले? उत्तर ऐकल्यावर कधी दोष तिचाच निघेल, कधी आपलाही निघेल. पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

पुढच्या वेळी अमेरिकेतून फोन आला, की कोण जिंकले ते विचारू नका. ‘तुमच्या संघाचा लेफ्ट टॅकल सध्या कोण आहे रे?’ असे विचारा. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होईल. मग मात्र तो अर्धा तास फोन ठेवणार नाही.